गर्भपातोत्तर क्षमा व सांत्वन, कॅथलिक पंथातील

गर्भपात केलेल्या व्यक्तीला कॅथलिक चर्चकडून मिळणारी पापक्षमा व मानसिक आधार यांविषयीची शिकवण आणि आचारपद्धती. हेतुतः केलेला गर्भपात हे गंभीर पाप होय, ही भूमिका चर्चने आरंभापासून सोडलेली नाही. क्षमा कोणी, केव्हा व कोणत्या अटींवर द्यावी, याचे नियम मात्र बदलत गेले.

स्पेनमधील एल्व्हिराच्या धर्मपरिषदेने (सु. ३०५) व्यभिचारातून झालेल्या संततीचा नाश करणाऱ्या विवाहितेस मरणसमयीही ख्रिस्तप्रसाद नाकारला. अंकायराच्या परिषदेने (३१४) आजन्म बहिष्काराऐवजी दहा वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले. पोप पाचवा सिक्स्टस (कार. १५८५–९०) याने १५८८ मध्ये पापमुक्तीचा अधिकार रोमकडे राखून ठेवला, तथापि १५९१ मध्ये चौदाव्या ग्रेगरीने हे निर्बंध शिथिल केले. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने गर्भवतीसह सर्व अपराध्यांना आपोआप लागू होणारा बहिष्कार सांगितला व तो उठविण्याचा अधिकार बिशपकडे ठेवला. १९८३ च्या संहितेतही हा बहिष्कार कायम राहिला. परंतु अल्पवयीन, गंभीर भीतीपोटी कृत्य करणारी किंवा अशा शिक्षेची कल्पना नसलेली व्यक्ती त्यातून वगळली गेली. ज्यांच्या साहाय्यावाचून कृत्य घडले नसते, असे साथीदारही शिक्षेस पात्र ठरतात. त्यामुळे दडपण आणणारे पती वा नातेवाईक दोषमुक्त राहत नाहीत.

भारतात वैद्यकीय गर्भपात अधिनियम १९७१ मध्ये संमत होऊन १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. कायद्याने संमत कृत्य धर्मदृष्ट्या निर्दोष ठरत नाही, अशी चर्चची धारणा असल्याने अनेक श्रद्धावान स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न न्यायालयाचा न राहता सदसद्‌विवेकाचा झाला.

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात त्याला आणखी एक पैलू आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे या भागात उद्योग वाढत जाऊन निरनिराळ्या प्रांतांतील कामगार येथे स्थायिक झाले. त्यांपैकी लॅटिन विधीचे कॅथलिक पुणे धर्मप्रांतात (स्थापना १८८६) मोडतात, तर केरळीय सिरो-मलबार विधीच्या कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत निर्माण झाला. पौर्वात्य चर्चच्या १९९० च्या संहितेत आपोआप लागू होणारा बहिष्कार नाही. मात्र गर्भपाताच्या पापाची मुक्ती तीत बिशपसाठी राखून ठेवलेली आहे. म्हणजे एकाच वसाहतीत राहणाऱ्या दोन कॅथलिक स्त्रियांना एकाच कृत्यासाठी भिन्न नियम लागू होत.

पोप फ्रान्सिस (कार. २०१३–२५) यांनी २०१५-१६ च्या करुणावर्षापुरता हे पाप क्षमा करण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना दिला व २० नोव्हेंबर २०१६ च्या पत्राने तो कायम केला. कृत्याचे गांभीर्य त्यांनी कमी मानले नाही. पश्चात्तापी व्यक्ती व क्षमा यांमध्ये अडसर राहू नये, एवढाच त्यामागील हेतू होता. आप्तांपासून दूर असलेल्या स्थलांतरित स्त्रीला यामुळे आपली भाषा जाणणाऱ्या धर्मगुरूकडे जाणे सुलभ झाले. पापनिवेदनात सांगितलेली गोष्ट धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव उघड करावयाची नसते, हा नियम जवळच्या वस्तीत विशेष दिलासा देणारा आहे.

क्षमा मिळाली तरी दुःख लगेच शमत नाही, हेही चर्चने ओळखले. पोप दुसरे जॉन पॉल (कार. १९७८–२००५) यांनी १९९५ च्या परिपत्रात अशा स्त्रियांना निराश न होण्याचे आवाहन केले आणि त्यांच्या निर्णयामागे अनेक दडपणे असू शकतात, हे मान्य केले. तत्पूर्वी १९८४ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे ‘प्रोजेक्ट राहेल’ हे समुपदेशनकार्य सुरू झाले होते. त्याचे नाव यिर्मयाच्या ग्रंथातील, लेकरांसाठी आक्रोश करणाऱ्या राहेलीवरून घेतले आहे. गर्भपातानंतर प्रत्येक स्त्रीला मानसिक विकार जडतो, असे मात्र वैद्यकीय संशोधनाने सिद्ध झालेले नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या २००८ च्या अहवालानुसार, प्रौढ स्त्रीने नको असलेल्या गर्भाचा पहिल्या तीन महिन्यांत एकदा कायदेशीर गर्भपात करून घेतल्यास मनोविकाराचा धोका प्रसूतीच्या तुलनेत अधिक आढळत नाही. काही स्त्रियांना तथापि दुःख व हानीची भावना जाणवते. चर्चचे सांत्वनकार्य अशा स्त्रियांसाठी आहे.