दोन बोटांचा माणूस

रोग बरा करणे हे वैद्याचे काम, हे सर्वांना मान्य आहे. पण रोग गेला आणि पांगळेपण मागे उरले, तर पुढले आयुष्य कसे काढायचे हे ठरवावे कोणी? कॅलिफोर्नियातील बर्कली गावी या प्रश्नावर जो झगडा झाला, तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही.

१९५३ साली एड रॉबर्ट्स नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पोलिओ झाला. साल्कची लस यायला अजून दोन वर्षे होती. मानेखालचे शरीर लुळे पडले. एका हाताची दोन बोटे आणि पायाची काही बोटे तेवढी हलत. श्वासासाठी 'लोखंडी फुप्फुसा'च्या नळकांड्यात निजायचे. हा जगला तरी भाजीपाल्यासारखा पडून राहील, असे डॉक्टरांनी आईला सांगितले. मुलाने अन्न सोडले. दिमतीची शेवटची नर्स निघून गेली, त्या दिवशी मात्र त्याने जगायचे ठरवले आणि जेवण मागितले. आयुष्यातला हा पहिला निर्णय त्याचा स्वतःचा.

शाळा त्याने टेलिफोनवरून केली. अखेरीस शाळा दाखला देईना; कारण काय, तर मोटार चालवणे आणि व्यायाम हे विषय राहिले! मी स्वतः शाळामास्तर. नियमापुढे आम्हा मंडळींची बुद्धी कशी गोठते, हे मला ठाऊक आहे. आई भांडली, दाखला मिळाला.

पुढे राज्याच्या पुनर्वसन खात्याने शिक्षणाचा खर्च नाकारला. हा कधी नोकरी करू शकणार नाही, हा त्यांचा शेरा. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर खाते नमले आणि १९६२ साली तो बर्कली विद्यापीठात गेला. लोखंडी फुप्फुस वसतिगृहात ठेवायची सोय नव्हती, म्हणून बिऱ्हाड थाटले विद्यापीठाच्या कॉवेल इस्पितळात. हळूहळू तेथे त्याच्यासारखे आणखी विद्यार्थी आले. त्यांनी स्वतःला 'रोलिंग क्वाड्स' म्हणवून घेतले. खात्याच्या एका सल्लागार बाईंनी दोघांना तेथून काढायचा घाट घातला, तेव्हा साऱ्यांनी मिळून असा गहजब केला की बदली बाईंचीच झाली.

खरा मतभेद हिशेबाचा होता. तज्ज्ञ म्हणत, स्वतःचे कपडे स्वतः घालायला शिका, मग दोन तास लागोत. ही मुले म्हणत, मदतनीस पाव तासात कपडे घालील. उरलेला वेळ आम्हांला वर्गात बसायला हवा. म्हणून १९७० च्या विद्यापीठातील योजनेत आणि १९७२ साली गावात निघालेल्या 'सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग'मध्ये त्यांनी मांडले काय? मदतनीसांची यादी, पायऱ्या नसलेल्या घरांचा शोध, खुर्च्या दुरुस्त करणारे दुकान. कारभारही पांगळ्यांच्याच हाती.

विजेची खुर्ची तुला चालवता येणार नाही, असे एडला सांगण्यात आले होते. पुढे तो प्रेमात पडला. खुर्ची ढकलणारा गडी सदैव पाठीशी उभा. अशा वेळी बोलायचे तरी काय! बोटांनी दांडा पुढे लोटता येत नव्हता, मागे ओढता येत होता. त्याने दांड्याची पेटीच उलटी फिरवून घेतली. आता मागे ओढले की खुर्ची पुढे धावे. एका दिवसात तो ती चालवायला शिकला.

१९७५ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्याला राज्याच्या पुनर्वसन खात्याचा प्रमुख नेमले. तेच हे खाते, ज्याने त्याला नोकरीला नालायक ठरवले होते.