मागे पडलेल्या सरांची गोष्ट

कानात हेडफोन घालून पळायला निघाला असाल, तर आजचा भाग तुमचाच आहे. आणि पांघरुणात लोळत ऐकत असाल, तर खरं म्हणजे तुमचाच जास्त आहे.

आधी माझं सांगतो. आमच्या शाळेत पळणं म्हणजे शिक्षा होती. गृहपाठ विसरलास? ग्राउंडला पाच राउंड मार. वर्गात बोललास? मार राउंड. मी अंगाने जाडसर, त्यामुळे कायम शेवटचा. पोरं कडेला उभी राहून हसायची. शाळा सुटली तसं माझं पळणंही सुटलं.

मग दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण बाबा इतके घाबरलेले की जिन्यापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. त्यांना एकटं कसं पाठवणार, म्हणून मीही बूट घातले. त्याच दिवसांत वाचता वाचता मला एक सर भेटले. बिल बावरमन.

नाव ऐकलं असेल, तर नायकी कंपनीमुळे. १९६४ मध्ये फिल नाइट या आपल्या जुन्या विद्यार्थ्याबरोबर प्रत्येकी ५०० डॉलर घालून त्यांनी बुटांचा धंदा सुरू केला, त्याचीच पुढे नायकी झाली. बायकोच्या स्वयंपाकघरातल्या वॉफलच्या साच्यात रबर ओतून बुटाचा तळ बनवला, ती गोष्टही सगळीकडे फिरते. ती आज बाजूला ठेवू.

बावरमन मूळचे शाळामास्तर. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात मेडफर्डच्या शाळेत शिकवायचे आणि मुलांचे संघ तयार करायचे. मध्ये दुसरं महायुद्ध झालं, इटलीच्या डोंगरांत लढून आले. १९४८ पासून ते युजीन या गावातल्या ओरेगन विद्यापीठात धावपटूंना शिकवू लागले. 'कोच' म्हटलेलं त्यांना फारसं रुचायचं नाही, मी शिक्षक आहे म्हणायचे. त्यांच्या चार मुलांनी १९६२ मध्ये चार मैलांच्या रिलेचा जागतिक विक्रम केला. विक्रम कोणाचा मोडला? न्यूझीलंडचा. त्यामुळे वर्षाच्या शेवटी सर आपल्या पोरांना घेऊन न्यूझीलंडला गेले.

तिथे त्यांना भेटले आर्थर लिडियार्ड. बुटांच्या कारखान्यात काम केलेला माणूस, पण त्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग यांनी, १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये एकाच दिवशी दोन सुवर्णपदकं जिंकली होती. लिडियार्ड फक्त ऑलिंपिकवाल्यांना पळवत नव्हते. ऑकलंडमध्ये ते साध्यासुध्या, पोट सुटलेल्या, मध्यमवयीन लोकांनाही हळूहळू पळायला लावत होते. त्यात हृदयविकाराचे रुग्णसुद्धा होते! लक्षात घ्या, त्या काळात हार्ट अॅटॅक आला की आठवडेच्या आठवडे पडून राहा, असाच सल्ला मिळायचा.

तर एका रविवारी लिडियार्ड बावरमन सरांना म्हणाले, चला आमच्याबरोबर. सर ५१ वर्षांचे. त्यांना वाटलं, आपण काय, रोज मैदानावरच असतो. पण मैदानावर असणं वेगळं आणि पळणं वेगळं. थोड्याच वेळात चढ लागला आणि सरांची धाप लागली. सगळे पुढे निघून गेले. एक जण मात्र मुद्दाम मागे राहिला. सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. त्यांना हृदयविकाराचे झटके येऊन गेले होते. ते सरांच्या बरोबरीने, गप्पा मारत, शेवटपर्यंत आले.

विश्वविक्रमी पोरांचा गुरू, आणि त्याला सोबत करतोय एक हार्ट पेशंट. दुसरा कुणी ही गोष्ट लपवली असती. सर रोज पळू लागले, आणि १९६३च्या सुरुवातीला युजीनला परतल्यावर त्यांनी हे गावाला सांगितलं. वर्तमानपत्रात आलं. ज्यांना यायचंय त्यांनी रविवारी मैदानावर या. पहिल्या रविवारी आले वीस-पंचवीस जण. पुढच्या रविवारी त्याहून जास्त. चौथ्या रविवारी हजारो! पन्नास हजार वस्तीचं गाव ते.

कुणालाही वाटेल, सर खूश झाले असतील. सर घाबरले. यातला एखादा जागच्या जागी कोसळला तर? त्यांनी लोकांना चक्क घरी पाठवलं. मग वॉल्डो हॅरिस या हृदयरोगतज्ज्ञाला गाठलं आणि दोघांनी लहान लहान गट करून, मध्यमवयीन माणसं किती आणि कशी पळू शकतात ते नीट तपासलं. त्यातून १९६७ मध्ये 'जॉगिंग' नावाचं पुस्तक आलं आणि त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या.

सांगणं अगदी साधं. आधी चाला. मग थोडं पळा, परत चाला. एक दिवस जास्त, तर दुसरा दिवस हलका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल, तर वेग कमी करा. माझ्या शाळेत बोललं की पळावं लागायचं. इथे पळताना बोलायचंच, हा नियम!

शेवट मात्र चटका लावणारा आहे. बूट बनवताना सर कोंदट जागेत तासन्‌तास चिकटवायच्या गोंदाबरोबर काम करायचे. त्यातल्या रसायनाने त्यांच्या पायांच्या नसा खराब झाल्या. ज्यांनी अख्ख्या देशाला पळायला लावलं, त्यांना स्वतःला पळता येईना. १९९९च्या डिसेंबरमध्ये ते गेले.

मला या सगळ्यात सर जितके आठवतात, तितकेच ते आजोबाही आठवतात. ते त्या दिवशी पुढे निघून गेले असते, तर सर कदाचित लाजून हॉटेलवर परतले असते.

सुरुवातीला मी बाबांबरोबर चालताना सारखा मोबाइलमध्ये वेग बघायचो. एका किलोमीटरला सोळा मिनिटं! मनातल्या मनात चिडायचो. आता अॅप बंद असतं. बाबा त्यांच्या पहिल्या नोकरीचे किस्से सांगतात, मी ऐकतो. किस्सा अडखळला की समजायचं, बाबांना दम लागलाय. मग मी हळू होतो, आणि 'बुटाची लेस सुटली' म्हणून थांबतो. त्यांना कळतं. बोलत नाहीत.

तर या रविवारी एकच करा. घरातल्या, नाहीतर शेजारच्या, सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला बरोबर घ्या. त्यांना काही त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि त्या दिवशी हेडफोन घरी ठेवा. मी काय, पुढच्या भागात भेटतोच!