आजच्या दिवशी : १९ ऑक्टोबर १९४३

न्यूयॉर्कच्या शुबर्ट थिएटरात या दिवशी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा पडदा वर गेला आणि ब्रॉडवेने प्रथमच गोऱ्या नटसंचात कृष्णवर्णीय ऑथेल्लो पाहिला : पॉल रोब्सन. (मराठी रंगभूमीवरचा देवलांचा ‘झुंझारराव’ म्हणजे हाच ऑथेल्लो.) तोवर अमेरिकेच्या बड्या रंगभूमीवर ही भूमिका गोऱ्या नटांनी तोंडाला रंग फासून करायची, असाच शिरस्ता होता. आयरा आल्ड्रिज या कृष्णवर्णीय अमेरिकन नटाला तर त्यासाठी समुद्र ओलांडून इंग्लंड गाठावे लागले. तिथेही १८३३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याचे दोनच प्रयोग झाले.

रोब्सनने १९३० साली लंडनमध्ये पेगी ॲशक्रॉफ्टसोबत हे नाटक केले, तेव्हा गोऱ्या नायिकेजवळ जायलाही तो बिचकत असे. पहिले काही दिवस तो मागे मागेच सरकायचा. एवढा धिप्पाड, कमावलेल्या आवाजाचा माणूस! अमेरिकेत तर निर्माताच मिळेना. दिग्दर्शिका मार्गारेट वेब्स्टर हट्टाला पेटल्या, म्हणून १९४२ साली आधी अमेरिकेतल्याच केंब्रिजच्या छोट्या नाट्यगृहात चाचपणी झाली. उटा हेगन नायिका डेस्डिमोना, होसे फेरर खलनायक इयागो.

ब्रॉडवेवर २९६ प्रयोग झाले. शेक्सपिअरच्या नाटकाचा हा तिथला विक्रम अजून अबाधित आहे. नंतरच्या दौऱ्यात, जिथे काळ्या प्रेक्षकांना वेगळे बसवत, तिथे रोब्सनने प्रयोगच केला नाही.

आणि तरीही १९६४ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए अंगाला काळा रंग लावूनच ऑथेल्लो झाला. त्यावरच्या चित्रपटासाठी त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले.