साथ आली की जहाज का थांबते? प्लेगच्या मुंबईपासून कोविडच्या पाचगणीपर्यंत

"डॉक्टर, दिवाळीत मुंबई-गोवा क्रूझ बुक केली आहे. टीव्हीवर पुन्हा कसली तरी साथ दाखवतात. जाऊ की नको?" असा प्रश्न हल्ली दर काही महिन्यांनी कुणी ना कुणी विचारते. कुणी क्रूझऐवजी दुबई म्हणते, कुणी चारधाम. त्यावर एका शब्दात "जा" किंवा "नको" असे सांगता येते, पण त्याने मनातली धाकधूक जात नाही. साथ आणि प्रवास यांचे नाते फार जुने आहे. ते समजून घेतले, तर पुढच्या वेळी निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल. म्हणून आज थोडा इतिहास आणि त्यातून निघणारा आरोग्याचा विचार.

चाळीस दिवसांचा हिशोब

'क्वारंटाइन' हा शब्द आपल्याला २०२० मध्ये घरोघरी पाठ झाला. त्याचा जन्म मात्र बंदरातला. १३७७ साली एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसा शहराने (आजचे दुब्रोव्हनिक) प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना तीस दिवस शहराबाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे व्हेनिसकडे ही मुदत चाळीस दिवसांची झाली. तिथल्या भाषेत चाळीसला 'क्वारांता' म्हणतात, त्यावरून क्वारंटाइन.

त्या काळी जंतू कुणाला माहीत नव्हते. तरीही कल्पना बरोबर होती. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. याला आपण अधिशयन काळ म्हणतो. तेवढे दिवस माणूस वेगळा राहिला, तर आजार असल्यास तो बाहेर दिसतो आणि नसल्यास माणूस मोकळा होतो. चाळीस दिवस हा आकडा मात्र जास्तच होता. आज प्रत्येक आजाराचा अधिशयन काळ ठाऊक असल्याने मुदत त्यानुसार ठरते.

मुंबईचा प्लेग : माणसे तपासली, उंदीर सुटले

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईत मांडवी भागातला आजार हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेला धान्याच्या वखारींचा भाग. पुढच्या काही महिन्यांत शहरातली निम्म्याच्या जवळपास माणसे मुंबई सोडून गेली. आगगाडीने, बोटीने, बैलगाडीने आणि पायी.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. या कायद्याने जहाजे आणि प्रवासी तपासण्याचे, अडवून ठेवण्याचे अधिकार सरकारला मिळाले. २०२० मध्ये आपल्याकडे वापरला गेला तो हाच कायदा. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून काखा आणि जांघा तपासल्या जात. त्या वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या बोटी बंद केल्या गेल्या. मुंबईच्या जहाजांना परदेशी बंदरांत संशयाने वागवले जाऊ लागले. पुण्यात झडत्यांच्या जबरदस्तीने लोक संतापले आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

एवढे करूनही प्लेग थांबला नाही. तो आपल्या सातारा जिल्ह्यातही येऊन पोचला. कारण १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमोंद यांनी दाखवून दिले. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे तपासणी माणसांची होत होती आणि धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर बिनबोभाट प्रवास करत होते.

हे कळल्यावर जहाजेच बदलली. नांगरलेल्या जहाजाच्या दोरांवर पत्र्याच्या गोल तबकड्या बसू लागल्या. त्यामुळे दोरावरून चालत येणाऱ्या उंदराची वाट अडते. जहाजाच्या पोटात गंधकाचा धूर सोडून उंदीर मारले जाऊ लागले. त्या तबकड्या आजही मोठ्या बंदरांत दिसतात. आजार पसरतो कसा हे आधी कळले पाहिजे; नाहीतर त्रास सगळ्यांना होतो आणि रोग मोकळा राहतो.

१९१८ : न थांबलेली जहाजे

१९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते. सैनिकांची जहाजे थांबवणे कुणालाच शक्य वाटत नव्हते. मुंबईत मे महिन्याच्या अखेरीस आजार गोदीतून शिरला असे मानतात. १० जूनला पोलिसांचे सात शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. सप्टेंबरमध्ये दुसरी, जास्त जीवघेणी लाट आली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेच्या मार्गाने साथ देशभर गेली आणि भारतात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसे मेली असावीत, असा अंदाज आहे.

मग जहाज थांबवून खरेच उपयोग होतो का? याचे उत्तर प्रशांत महासागरातल्या शेजारशेजारच्या बेटांनी दिले. पश्चिम सामोआत नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑकलंडहून 'तालुने' हे जहाज आले. त्यावर आजारी प्रवासी असूनही त्यांना उतरू दिले गेले. तिथली सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. जवळच्याच अमेरिकन सामोआने जहाजांवर कडक बंधने घातली. तिथे या साथीने एकही मृत्यू झाला नाही.

पण बेटाला एकच दरवाजा असतो. मुंबईसारख्या शहराला शंभर दरवाजे. त्यामुळे मोठ्या देशात प्रवासबंदीने साथ टळत नाही, लांबते. ते लांबणेही मोलाचे असते, कारण तेवढ्या वेळात खाटा, ऑक्सिजन आणि लस यांची तयारी करता येते.

पाचगणी : आजारी माणसांनी प्रवास करायचे गाव

आपल्या गावाचा इतिहास याच्या उलटा आहे. इथे लोक आजारामुळेच येत. १८६० च्या दशकात जॉन चेसन यांनी हे ठिकाण वसवले ते इथल्या कोरड्या, थंड हवेसाठी. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम सुरू केले. क्षयावर औषध नव्हते. विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा हाच उपचार. 'हवापालट' हा शब्द प्रिस्क्रिप्शनवर लिहिण्याइतका गंभीर होता. १९४४ साली तुरुंगातून सुटलेले, प्रकृती खालावलेले महात्मा गांधीही इथे येऊन राहिले होते.

पुढे स्ट्रेप्टोमायसिन आणि इतर औषधे आली. १९५९ मध्ये मद्रासच्या संशोधनाने दाखवले, की घरी राहून नीट औषधे घेणारा क्षयरोगी सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांना धोकाही वाढत नाही. तेव्हापासून क्षयासाठी घर सोडण्याची गरज संपली.

२०२० : सुटीच्या सामानातून आलेली साथ

महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले. ते सहलीहून, दुबईहून परतलेले दांपत्य होते. २३ मार्चला आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, इस्लामपूरमध्ये सौदी अरेबियाहून आलेल्या चार जणांना लागण आढळली. काही दिवसांत त्यांच्या संपर्कातल्यांसह हा आकडा पंचविशीच्या आसपास गेला. गावाच्या सीमा बंद करून घरोघर तपासणी झाली आणि तिथली साखळी तुटली. या माणसांनी काही गुन्हा केला नव्हता. ती फक्त प्रवासाहून घरी आली होती.

त्याआधी साऱ्या जगाचे डोळे एका जहाजाकडे लागले होते. 'डायमंड प्रिन्सेस' ३ फेब्रुवारीला जपानच्या योकोहामाला परतले. त्यावर ३,७११ माणसे होती. त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली. क्रूझवर आजार का फोफावतो? एक जेवणघर, एक नाट्यगृह, तेच जिने, तेच कठडे. प्रवाशांत ज्येष्ठांचे प्रमाण जास्त. कर्मचारी छोट्या खोल्यांत दाटीने राहतात, आणि प्रवासी खोलीत बंद असले तरी त्यांना जेवण पोचवायला कर्मचाऱ्यांना फिरावेच लागते. याच जहाजाने डॉक्टरांना एक मोठी गोष्ट शिकवली. लागण झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना तपासणीच्या वेळी कोणतेही लक्षण नव्हते. केवळ ताप मोजून हा आजार पकडता येणार नाही, हे तिथेच स्पष्ट झाले.

मार्चमध्ये जगभरच्या क्रूझ थांबल्या. प्रवासी उतरले, पण कर्मचारी अडकले. 'मरेला डिस्कव्हरी' या जहाजावरच्या भारतीय कर्मचाऱ्यांना २३ एप्रिलला मुंबईत उतरता आले. त्यांत गोव्याची मुले बरीच होती. २०२० अखेर जगात सुमारे चार लाख खलाशी कराराची मुदत संपूनही जहाजांवरच होते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या कितीतरी घरांनी तेव्हा नुसत्या फोनवर दिवस काढले. इकडे पाचगणीत शाळांची वसतिगृहे रिकामी झाली आणि एप्रिल-मेचा हंगाम कोरडा गेला.

डागडुजी राहिली की काय होते?

क्रूझ जहाजाला ठरावीक काळाने कोरड्या गोदीत न्यावे लागते. पाणी काढून टाकलेल्या हौदासारख्या जागेत त्याचा तळ तपासतात, रंगवतात आणि त्याच वेळी खोल्या, जेवणघरे नवी करतात. गोदीची तारीख खूप आधी ठरलेली असते, काम थोड्या आठवड्यांचे, कारागीर देशोदेशींचे. एक तारीख हुकली, की पुढच्या सफरींचे वेळापत्रक कोसळते. 'अल्यूअर ऑफ द सीज' या प्रचंड जहाजाचे स्पेनमधल्या कादिझ इथे २०२० मध्ये ठरलेले नूतनीकरण साथीमुळे थांबले, ते अखेर २०२५ मध्ये झाले.

आपल्या मुंबईच्या 'कर्णिका'ला तेवढे भाग्य लाभले नाही. १९९० साली बांधलेले हे जहाज एप्रिल २०१९ मध्ये मुंबईहून सफरी करू लागले. वर्षभरातच साथ आली. चाके थांबली तरी इंधन, पगार, बंदराची देणी थांबत नाहीत. कंपनी बुडाली, न्यायालयाच्या आदेशाने जहाज विकले गेले आणि २०२० च्या अखेरीस गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाले.

डॉक्टर म्हणून मला यात आपल्या शरीराची गोष्ट दिसते. रक्तदाबाची तपासणी, साखरेचा रिपोर्ट, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी ही आपली कोरडी गोदीच. साथीत ती चुकली आणि अनेकांची पुन्हा सुरूच झाली नाही. भारतात २०१९ मध्ये क्षयाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला नव्हता. खोकणारी माणसे दवाखान्यापर्यंत पोचली नव्हती. तेवढे दिवस ती घरातच खोकत राहिली.

बंद नळातला धोका

बंद पडलेले जहाज किंवा हॉटेल पुन्हा उघडताना पाण्याकडे लक्ष द्यावे लागते. नळात साचलेल्या कोमट पाण्यात लीजनेला नावाचे जीवाणू वाढतात. शॉवरच्या तुषारांतून ते फुप्फुसात गेले, तर गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यात तो पहिल्यांदा ओळखला गेला. तुमचा इथला बंगला महिनोन्‌महिने बंद असेल, तर टाकी धुऊन घ्या. सगळे नळ आणि शॉवर काही मिनिटे पूर्ण सोडा, तेव्हा खिडकी उघडी ठेवून बाहेर थांबा. गीझर चांगला कडक तापवा.

प्रवास ठरवताना

- वय साठच्या पुढे असेल, मधुमेह, हृदयविकार, दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर निघण्याआधी महिनाभर डॉक्टरांना भेटा. फ्लूची लस किमान दोन आठवडे आधी घ्या.
- परतीच्या तारखेपेक्षा पंधरा दिवसांची जास्त औषधे बरोबर ठेवा, तीही हातातल्या पिशवीत. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्या. ब्रँड परगावी मिळेलच असे नाही.
- बुकिंग रद्द केल्यास पैसे किती परत मिळतात आणि विम्यात साथीचा आजार धरला आहे का, हे पैसे भरण्याआधी वाचा.
- निघायच्या दिवशी ताप, खोकला किंवा जुलाब असतील, तर थांबा. गोळी खाऊन ताप लपवू नका.
- जहाजावर उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस नेहमीचा. त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि पाणीच हवे.
- परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर कुठे जाऊन आलात हे डॉक्टरांना न विचारता सांगा.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या क्रूझवरच्या दोन हजार जणांची तपासणी झाली, त्यात ६६ जणांना कोविड आढळला. तोवर लस आली होती, आजाराची चाल कळली होती. म्हणून ती बातमी २०२० सारखी भीतीची ठरली नाही. साथी पुढेही येतील. त्या आल्या की सहलीची तारीख खुशाल पुढे ढकला, पण रक्तदाबाची, साखरेची आणि दोन आठवडे न थांबणाऱ्या खोकल्याची तपासणी ढकलू नका.