कोरड्या उन्हातले काचघर : सोलापूर परिसरातील छायाचित्रण आणि छायाचित्रकाराचे घर

१८३९ साली पॅरिस आणि लंडन येथे जाहीर झालेली छायाचित्रणाची कला समशीतोष्ण हवेत जन्मली आणि वाढली, त्यामुळे थंड पाणी मुबलक आहे, ऊन सौम्य आहे व ते नेहमी दक्षिणेकडूनच येते, ही तिथल्या हवेची गृहीतके तिच्या प्रत्येक कृतीत न सांगता शिरली होती. दख्खनच्या पठारावर, त्यातही पर्जन्यछायेत असलेल्या आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा सहज चाळिशीपार जाणाऱ्या सोलापूरसारख्या ठिकाणी, यांपैकी एकही गृहीतक टिकणारे नव्हते. या कलेवर पोट भरू पाहणाऱ्या माणसाला नवी उपकरणे शिकावी लागलीच, पण त्याहून अधिक म्हणजे आपले घर, घरातली माणसे, पाणी आणि झोपेच्या वेळा यांची घडी त्या उपकरणांभोवती नव्याने बसवावी लागली. छायाचित्रणाच्या इतिहासात ही घरगुती बाजू सहसा तळटिपेत जाते; वास्तविक उष्ण प्रदेशात हा धंदा कसा रुजला, याचे उत्तर बऱ्याच अंशी तिथेच आहे.

मुंबईत १८५४ साली छायाचित्रण संस्थेची स्थापना झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी, तसेच हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय जाणकार लवकरच या क्षेत्रात नावारूपाला आले. सोलापूरच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या विजापूरच्या इमारती टिपण्याचे सरकारी काम १८५५ मध्ये कॅप्टन बिग्ज याच्याकडे सोपवण्यात आले. मात्र असे काम मोहिमेचे होते. मोहिमेवरचा माणूस सोयीचा हंगाम पाहून निघतो आणि काम संपले की छावणीकडे परततो. एका जागी बिऱ्हाड करून बारा महिने गिऱ्हाइकाची वाट पाहणारा छायाचित्रकार हा वेगळा प्राणी होता, आणि त्याला दख्खनमध्ये वाव मिळाला तो प्रामुख्याने रेल्वेमुळे. १८६० मध्ये लोहमार्ग सोलापूरला पोहोचला, पुढे वाडीहून हैदराबादकडे फाटा निघाला, आणि मुंबईत उतरणाऱ्या काचा, रसायने व कागद पठारावर आणणे शक्य झाले.

त्या काळातली प्रचलित पद्धत ओल्या काचेची होती. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीत कलोडियन, म्हणजे नत्राम्लाची प्रक्रिया केलेला कापूस ईथर व मद्यार्कात विरघळवून केलेले चिकट द्रावण, काचेवर सारख्या थराने पसरत, ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून प्रकाशसंवेदी करीत आणि ती ओली असेपर्यंतच छायाचित्र घेऊन धुवून काढीत. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळतो, तर सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारची सावलीतली हवासुद्धा त्याहून तापलेली असते; त्यामुळे बाटलीचे बूच उघडताच द्रावण उडू लागे, थर असमान बसे आणि काच कॅमेऱ्यापर्यंत पोहोचेतो तिच्या कडा सुकू लागत. यावर उपाय एकच होता, तो म्हणजे पहाटे उठून काम उरकणे. त्यातच चांदीच्या क्षाराने बोटे काळी पडत आणि प्रतिमा पक्की करण्यासाठी पुष्कळदा पोटॅशियम सायनाइड वापरले जाई. ज्या घरात लहान मुले वावरतात तिथे असे विष ठेवायचे, म्हणजे काळोखी खोली स्वयंपाकघर आणि पाण्याच्या जागेपासून तोडून तिला कुलूप घालणे भाग होते.

सोलापूर जिल्ह्यातच या कालखंडाची एक अतिपरिचित खूण आढळते. अक्कलकोटचे स्वामी समर्थ १८७८ मध्ये समाधिस्थ झाले आणि त्यांची छायाचित्रे आज लक्षावधी घरांत पूजली जातात. ती कोडॅक कंपनीच्या माणसाने काढली, अशी समजूत भक्तमंडळींत रूढ आहे. परंतु कोडॅक हे नाव जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये, म्हणजे समाधीनंतर दहा वर्षांनी घेतले. स्वामींच्या हयातीत घेतलेले छायाचित्र त्या कंपनीचे असू शकत नाही. काळाचा विचार करता ते ओल्या काचेच्या पद्धतीचे असण्याचाच संभव अधिक. रेल्वेने आलेल्या काचा आणि ताजे मिसळलेले द्रावण घेऊन, कोणीतरी याच कोरड्या हवेत, काच सुकण्याच्या आत ते काम पार पाडले असले पाहिजे. दूरच्या कंपनीच्या नावाखाली झाकले गेले आहे ते हे स्थानिक कौशल्य.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि पुढच्या दशकात तयार काचा बाजारात येऊ लागल्या, तेव्हा ईथरची कटकट सुटली, पण तिच्या जागी पाण्याची आली. जिलेटिन हा प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून काढलेला सरसासारखा पदार्थ थंड पाण्यात फुगतो आणि कोमट पाण्यात मऊ पडतो. काच धुण्यासाठी १८ ते २० अंशांचे पाणी योग्य मानले जाई. पाणी तिशीकडे झुकले की थराच्या कडा सुटून झालरीसारख्या लोंबू लागत, कधी चेहऱ्यावर सुरकुत्यांचे जाळे पडे, तर कधी अख्खी प्रतिमा काचेवरून निसटून तसराळ्यात जाई. थर कडक करण्यासाठी क्रोम तुरटी वापरत, धुण्याचे काम रात्री दहानंतर किंवा पहाटे करीत, आणि पाणी गार ठेवण्यासाठी माठ, रांजण व ओले गोणपाट यांचा आधार घेत. इथे सोलापूरच्या हवेने थोडी मदतही केली. माठातले पाणी गार होते ते बाष्पीभवनाने आणि बाष्पीभवनाला कोरडी हवा लागते. म्हणून मुंबईच्या दमट हवेत जे माठाला साधत नसे ते सोलापुरात साधे. भिंगांवर आणि छापांवर चढणारी बुरशी ही किनारपट्टीची डोकेदुखीही इथे कमी होती. तिची जागा धुळीने घेतली होती.

तथापि पाणी गार असणे वेगळे आणि पुरेसे असणे वेगळे. प्रतिमा पक्की करणारे हायपो हे रसायन थरातून पूर्ण निघून गेले नाही तर काही वर्षांत छाप पिवळा पडतो, आणि ते काढायचे तर पाणी पुन्हा पुन्हा बदलावे लागते. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ सोसलेल्या, १८७१ मध्ये पूर्ण झालेल्या एकरुख तलावाकडे आशेने पाहणाऱ्या या मुलखात घरात भरलेल्या पाण्यावर पहिला हक्क चुलीचा आणि पिण्याचा असे. छायाचित्रकाराच्या घरी याच पाण्याला धंद्याचा दुसरा वाटेकरी होता. जुन्या छायाचित्रांचा पिवळेपणा पुष्कळदा केवळ वयाचा नसतो, तो टंचाईच्या दिवसांत अपुऱ्या धुतलेल्या कागदाचाही असतो.

प्रकाशाची गोष्टही अशीच होती. युरोपातील पाठ्यपुस्तके चित्रशाळेचे काचघर, म्हणजे काचेचे छप्पर व भिंत असलेली खोली, उत्तराभिमुख बांधावयास सांगत, कारण तिकडे मध्यान्हीचा सूर्य कधीही उत्तरेला जात नाही आणि उत्तरेकडून येतो तो केवळ आकाशाचा मऊ, स्थिर उजेड. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेला आहे. येथे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य ऐन डोक्यावर येतो आणि तेव्हापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. पुस्तकाबरहुकूम बांधलेल्या काचघरात लग्नसराईच्या ऐन भरात तिरप्या छतातून थेट ऊन उतरणार, हे ठरलेलेच. काचेला चुना किंवा निळा रंग फासणे, आत पांढऱ्या मांजरपाटाचे सरकते पडदे लावणे, हे उपाय या भूगोलातूनच आले. कापडाच्या गावात निदान पडद्यांची वाण नव्हती.

या अडचणींपुढे परकीय छायाचित्रकारांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये भारतात आला, त्याने आपले ठाणे सिमल्याच्या थंड हवेत वसवले, १८६७ मध्ये इंग्लंडला जाऊन लग्न केले, पत्नीसह परतला आणि १८७०–७१ च्या हिवाळ्यात भारत कायमचा सोडून नॉटिंगहॅमच्या कापूस-उद्योगात स्थिरावला. याउलट सरधना येथे १८४४ मध्ये जन्मलेल्या लाला दीनदयाळ यांनी इंदूरची सरकारी नोकरी सोडून निजामाच्या मुलखात, सोलापूरच्या पूर्वेकडच्या तितक्याच तापणाऱ्या सिकंदराबादेत, बस्तान बसवले. त्यांची मुले धंद्यात आली आणि पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ मध्ये हैदराबादेत उघडलेला जनाना स्टुडिओ त्यांनी एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. गिऱ्हाईक हे कुटुंब असेल तर धंद्यालाही कौटुंबिक रूप घ्यावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

मराठी घरांतले याचे सर्वांत सुस्पष्ट उदाहरण धुंडिराज गोविंद फाळके यांचे आहे. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकून त्यांनी गोध्रा येथे स्टुडिओ काढला, पण प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गमावल्यावर तो संसार आणि तो व्यवसाय दोन्ही मोडले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’ या ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झालेल्या त्यांच्या चित्रपटाच्या वेळी पत्नी सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्मला अंधारात छिद्रे पाडली, रसायने मिसळली आणि त्याच हातांनी साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही सांभाळला. दिवसा चित्रण आणि रात्री धुलाई ही उष्ण प्रदेशाने घालून दिलेली विभागणी त्या घरात इतकी मुरली होती की संसार कुठे संपतो आणि प्रयोगशाळा कुठे सुरू होते हे सांगणे अवघड व्हावे.

सोलापुरात १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली, तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबे येत राहिली आणि मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू बोलणाऱ्या स्थलांतरितांचे शहर घडले. अशा शहरात छायाचित्राची गरज चैनीपुरती राहत नाही. मुलीचे स्थळ पाहण्यापासून गेलेल्या माणसाची तसबीर भिंतीवर लावण्यापर्यंत ती संसाराच्या प्रत्येक टप्प्यावर उभी राहते. पंढरपुरात तर विठ्ठल-रखुमाईचा देखावा मागे घेऊन वारीची आठवण टिपणाऱ्या स्टुडिओंचा स्वतंत्र व्यवसायच झाला.

स्वातंत्र्यानंतर सरकारने फिल्मचा कारखाना काढला तोही १९६० मध्ये स्थापन झालेल्या कंपनीमार्फत उटीच्या थंड हवेत. पुढे १९७२ मध्ये आलेल्या रंगीत फिल्मच्या धुलाईपद्धतीला सुमारे ३८ अंशांचे द्रावण लागू लागले; जे तापमान सोलापूरच्या छायाचित्रकाराने शंभर वर्षे टाळले होते तेच आता प्रमाण ठरले. पण हे काम यंत्रांनी सज्ज अशा रंगीत लॅबकडे गेले, घरातल्या काळोख्या खोल्या अडगळीच्या झाल्या आणि रात्रपाळीत हातभार लावणाऱ्या बायकामुलांची नावे कोणत्याही पावतीवर न येता विसरली गेली.

उष्ण प्रदेशातील छायाचित्रण हे भिंग आणि रसायनाइतकेच माठ, पहाट आणि घरच्या माणसांच्या श्रमावर उभे राहिले, असाच निष्कर्ष यातून निघतो. ज्यांच्या घरी जुन्या स्टुडिओच्या काचा, नोंदवह्या किंवा शिक्के मारलेले पुठ्ठे असतील, त्यांनी ते भंगारात घालण्यापूर्वी त्यांवरील गाव, साल आणि काम करणाऱ्या सर्वांची, विशेषतः घरातील स्त्रियांची, नावे नोंदवून ठेवावीत. सोलापूरच्या छायाचित्रणाचा सविस्तर इतिहास लिहायचा तर त्याची पहिली साधने हीच असतील.