जिरेनियमची कुंडी

टीममधल्या कुणाला आकाशदर्शनाची हुक्की आली की पहिला प्रश्न ठरलेला : "टेलिस्कोप कुठला घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं. आधी दोन-तीन महिने नुसत्या डोळ्यांनी बघ, मग बायनॉक्युलर, आणि तरीही किडा वळवळत असेल तर डॉब्सोनियन. "म्हणजे काय रे?" असं विचारलं की मग मी सुटतोच. तर मंडळी, आज त्या डॉब्सनबद्दल.

जॉन डॉब्सनचा जन्म १९१५ सालचा, पेकिंगमधला. बर्कलीतून रसायनशास्त्राची पदवी घेऊन हा गडी १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात दाखल झाला. हो, आपल्या रामकृष्ण संघाचाच मठ! तिथे असताना त्याने जहाजाच्या खिडकीची टाकाऊ काच घासून १२ इंची आरसा बनवला. त्यातून अर्धा चंद्र पाहिला आणि हे प्रत्येकाला दिसलंच पाहिजे, असं त्याच्या डोक्यात बसलं.

१९५८ मध्ये त्याची रवानगी सॅक्रामेंटोच्या मठात झाली. रात्री हा दुर्बीण घेऊन बाहेर, शेजारपाजारच्या मुलांना ग्रह दाखवायला. मठाला हे पसंत पडणं शक्यच नव्हतं. मग पत्रांमध्ये सांकेतिक भाषा सुरू झाली. टेलिस्कोप म्हणजे 'जिरेनियम'. नळी आणि स्टँडसकट असेल तर 'कुंडीतलं जिरेनियम', आरशावर चकाकी चढवून झाली की 'फुललेलं जिरेनियम'. (आमच्या प्रोजेक्टची कोडनेम्स याच्यापुढे अगदीच भिकार आहेत.)

१९६७ मध्ये त्याला मठ सोडायला सांगितलं. तेवीस वर्षांचं संन्यस्त आयुष्य संपलं. पन्नाशी उलटलेली, ना घर ना नोकरी. मठाची बाजूही मला समजते, नियम ते नियम. पण दोन्ही गोष्टी जीवापाड हव्या असलेल्या माणसाचं काय झालं असेल!

तो सॅन फ्रान्सिस्कोला परतला आणि फुटपाथवर दुर्बीण लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायला लागला. १९६८ मध्ये त्यातूनच 'साइडवॉक अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स' हा ग्रुप उभा राहिला.

आता थोडं इंजिनिअरिंग. तेव्हाचे हौशी लोक पृथ्वीच्या अक्षाशी जुळवलेले जड, महाग स्टँड वापरायचे. डॉब्सनने प्लायवूडची पेटी केली आणि नळी त्यात तोफेसारखी बसवली : वर-खाली, डावी-उजवीकडे, बस्स. खरी गंमत टेफ्लॉनच्या तुकड्यांची. टेफ्लॉनमध्ये स्थिर आणि गतिज घर्षण जवळजवळ सारखंच, त्यामुळे नळी हलवताना झटका बसत नाही आणि सोडली की जागच्या जागी राहते. पेटंट त्याने घेतलंच नाही. म्हणून आज कुणीही हे डिझाइन बनवतं, विकतं.

बिग बँग मात्र त्याला शेवटपर्यंत पटला नाही. तिथे माझं आणि त्याचं जमत नाही. असो. २०१४ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी तो गेला.

आणि हो, पहिल्यांदा चंद्र बघणार असाल तर पौर्णिमा टाळा. अष्टमीच्या आसपास बघा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. डॉब्सनने पाहिला तो चंद्रही अर्धाच होता.