राजे कुणाच्या पायथ्याशी झोपतात?

सत्ता तलवारीने मिळते. पण ‘राज्य करायचा हक्क तुला कुणी दिला?’ या प्रश्नाला तलवारीचं उत्तर फार दिवस पुरत नाही. आपल्या भागातल्या राजांनी दुसरं उत्तर कुठे शोधलं, हे मला त्यांच्या किल्ल्यांपेक्षा कबरींमध्ये जास्त स्पष्ट दिसतं.

अहमदनगरची निजामशाही घ्या. (हैदराबादचा निजाम वेगळा, गल्लत नको.) दौलताबाद तिच्याच ताब्यात होतं, आजचं संभाजीनगर म्हणजे तिच्या मलिक अंबरने 1610 च्या सुमारास वसवलेली खडकी. घराण्याचं मूळ पाथरीच्या ब्राह्मणांत, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. म्हणजे ना तैमूरचं रक्त, ना पैगंबराचं.

दुसरा निजामशहा बुऱ्हाण 1537 च्या सुमारास शिया झाला. फरिश्त्याची गोष्ट अशी: मुलगा अब्दुल कादिर आजारी पडला, इराणहून आलेल्या शाह ताहिरने बारा इमामांना नवस बोलायला लावला, मुलगा बरा झाला. नवस मनापासूनचा असेल, पण हिशेबही होताच. खुतब्यात इमामांची नावं आली, सुन्नी सरदार बिथरले. दुसरीकडे इराणच्या सफवी बादशहाशी सूत जुळलं. नगरमध्ये बारा इमामांच्या नावाने लंगर उभा राहिला, त्याच्या खर्चाला गावं लावून दिली गेली. 1553 ला बुऱ्हाण वारला. आधी नगरच्या बागरोज्यात दफन, मग अस्थी थेट इराकात, इमाम हुसैन यांच्या करबलाला. रक्ताचं नातं नव्हतं, मातीचं जोडलं.

औरंगजेब दुसऱ्या टोकाचा. विजापूर आणि गोवळकोंड्याची शिया परंपरेतली राज्यं त्याने 1686-87 मध्ये बुडवली. पण 1707 ला नगरजवळ वारल्यावर त्यालाही संताचाच आसरा लागला: खुलताबादला, जैनुद्दीन शिराजी या चिश्ती सुफींच्या दर्ग्यात, उघड्या मातीखाली. 1748 ला पहिला आसफजहा बुऱ्हाणपुरात वारला. तोही खुलताबादलाच, बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात. दिल्लीपासून सुटं होत चाललेल्या घराण्याला दख्खनच्या मातीत मूळ हवं होतं, असं मला वाटतं.

गंमत बघा, हे जैनुद्दीन म्हणजे दारू पिणाऱ्या बहमनी सुलतानाला मान द्यायला नकार देणारे. औरंगजेबाला त्यांच्या शेजारची जागा मोलाची वाटली, ती कदाचित या ताठ कण्यामुळेही असेल.

2025 च्या मार्चमध्ये औरंगजेबाची कबर हटवा म्हणून गदारोळ झाला, भोवती पत्रे लागले. त्या सगळ्या चर्चेत जैनुद्दीन यांचं नाव मी क्वचितच ऐकलं.